बाहेरून भरलेली, आतून पोचट : तुरीवरच्या क्लॅव्हिग्रॅला ढेकणांचे एक प्रकरण

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या अंगाला एकरभर तूर. जुलैच्या मध्यावर बाजरीत आंतरपीक म्हणून पेरलेली, वाण बीएसएमआर ७३६, म्हणजे १७५ ते १८० दिवसांचा. बाजरी निघाली, तुरीने जागा धरली, फुलोरा चांगला आला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाडे शेंगांनी लगडलेली, पण ओल्या शेंगांचे पहिले पोते मार्केट यार्डात गेले आणि तिथून निरोप आला, ‘शेंगा सोलल्या की दाणे बसलेले निघतायत, पुढच्या वेळी नीट बघून पाठवा.’

हा प्लॉट नमुन्याचा आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात तुरीवर जे ज्या क्रमाने घडते, त्याच क्रमाने ते इथे मांडले आहे, आणि मोजणीचे आकडे पद्धत कळावी म्हणून एकाच प्लॉटचे धरले आहेत. आपल्या शेतातले आकडे वेगळे येतील. मोजायची रीत तीच राहील.

तक्रार आणि पहिले चुकीचे निदान

दाणे न भरण्याची तीन कारणे गावात लगेच सांगितली गेली. पाणी कमी पडले, धुई पडली, आणि अळी राहिली असेल. तिन्ही शक्य होती, म्हणूनच एकही तपासली गेली नाही. कळी अवस्थेत इमामेक्टिन बेंझोएट आणि शेंगा धरताना क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल अशा दोन फवारण्या आधीच झाल्या होत्या. आता कृषी सेवा केंद्रातून तिसरी फवारणी सुचवली गेली, या वेळी सिंथेटिक पायरेथ्रॉइडची, म्हणजे मित्रकिडींनाही न सोडणाऱ्या औषधाची.

आधीच्या दोन फवारण्यांनी आपले काम चोख केले होते. शेंगा पोखरणारी अळी जवळजवळ नव्हती. मात्र ही दोन्ही औषधे मुख्यतः अळीवर चालतात आणि पानाबरोबर, शेंगेबरोबर पोटात जाऊन परिणाम करतात. सोंड आत खुपसून रस ओढणाऱ्या किडीला शेंगेच्या सालीवरचे औषध फारसे पोहोचत नाही. एचएनपीव्ही या फवारायच्या विषाणूचेही तसेच, तो घाटे अळीपुरताच, म्हणजे शेंगा पोखरणाऱ्या अळीपुरताच आहे. म्हणजे दोन फवारण्यांचा खर्च होऊनही शेंगेची साल तेवढी वाचली. दाणा उघडाच राहिला.

शेंगा उघडून मोजणी

प्लॉटचे चार कोपरे आणि मध्य अशा पाच जागा घेतल्या. प्रत्येक जागी दोन झाडे, प्रत्येक झाडाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या फांद्यांवरून मिळून दहा शेंगा. एकूण १०० शेंगा. पाचही जागांच्या पिशव्या वेगळ्या ठेवल्या. एकत्र करायचा मोह होतो, पण पुढे या वेगळेपणानेच उत्तर दिले.

शेंग शिवणीवरून नखाने उघडायची, मधोमध मोडायची नाही. मोडली की आतल्या भिंतीवरच्या खुणा पुसल्या जातात. मग शेंगा नव्हे, दाणे मोजायचे आणि चार ढीग करायचे:

निरोगी दाणा हिरवा, ताठ, साल ताणलेली. अळीचा दाणा कुरतडलेला असतो, शेंगेवर गोल भोक असते आणि बहुधा विष्ठाही दिसते. शेंगमाशीचा दाणा नागमोडी पोखरलेला असतो. आत पांढरी अळी किंवा तपकिरी कोष सापडतो आणि माशी बाहेर पडायच्या जागी सालीला पातळ खिडकी दिसते. ढेकणाचा दाणा या तिघांहून वेगळा. तो कुठेही खाल्लेला नसतो. त्याचे सगळे भाग जागेवर असतात, फक्त आतला ऐवज गेलेला असतो. साल सुरकुतलेली, एका बाजूला खड्डा, खड्ड्यात गडद तपकिरी डाग. शेंग उजेडाकडे धरली तर आतल्या भिंतीवर, दाण्याच्या नेमक्या समोर, टाचणीच्या टोकाएवढा काळपट ठिपका दिसतो. सोंड तिथून आत गेलेली असते.

या प्लॉटमध्ये १०० शेंगांत ३८६ दाणे निघाले. निरोगी २४१, अळीचे १८, शेंगमाशीचे २३ आणि ढेकणाचे १०४. दाण्यांच्या हिशेबाने ढेकणाचे नुकसान सुमारे २७ टक्के. शंभरपैकी १५ शेंगांवर बाहेरून भोक किंवा खिडकी होती. उरलेल्या ८५ बाहेरून स्वच्छ होत्या, पण त्यातल्या ४१ शेंगांत निदान एक तरी दाणा ढेकणाने चोखलेला होता. बांधावरून शेत बघून अंदाज करणाऱ्याला या ४१ शेंगा कधीच दिसत नाहीत.

पाण्याच्या ताणाने दाणा बारीक राहतो तेव्हा शेंगेतले दाणे साधारण सारखेच बारीक असतात किंवा टोकाकडचे राहून जातात. ढेकणाच्या शेंगेत दोन टपोऱ्या दाण्यांच्या मध्येच एक बसलेला दाणा निघतो. शिवाय त्याच्यावर डाग असतो. धुई आणि पाण्याचा वाद एवढ्यावरच मिटला.

कीड कोणती

सकाळी साडेसातच्या सुमारास, दव असताना, झाडाखाली पांढरे सुती कापड पसरून फांदी तीन-चारदा जोरात झटकली. ऊन तापल्यावर हे करू नये, कारण प्रौढ ढेकूण उडून जातात किंवा पानाआड सरकतात. डिसेंबरच्या पुणेरी थंडीत ते सुस्त असतात आणि कापडावर पडले तरी काही क्षण हलत नाहीत.

कापडावर पडलेला प्रौढ साधारण एक सेंटिमीटर लांब, धुरकट तपकिरी, अंगावर बारीक लव. पाठीच्या पुढच्या ढालीच्या दोन्ही खांद्यांवर काटा. मिशांचे चार खंड. पुढच्या पंखाचा पातळ भाग घडी करून पाठीवर ठेवलेला, त्यात बऱ्याच शिरा. मागच्या पायाच्या मांड्या टोकाकडे मुद्गलासारख्या फुगलेल्या आणि त्यांच्या आतल्या कडेला काटे. चिमटीत धरला की उग्र वास सोडतो. हा वास प्रौढात छातीच्या बगलेतल्या ग्रंथींतून येतो, पिलात पोटाच्या पाठीवरच्या दोन छिद्रांतून.

हा क्लॅव्हिग्रॅला. स्पिनोला यांनी १८३७ मध्ये ही प्रजाती स्थापन केली, आणि तुरीवरच्या क्लॅव्हिग्रॅला गिबोसाचे नावही त्यांचेच. त्याचे कूळ कोरिडी. ते पर्णपाद ढेकणांचे म्हणून ओळखले जाते, त्यामुळे मागच्या पायावर पानासारखा पसरट भाग शोधत बसणारे इथे फसतात. तो पसरट भाग कारली-दोडक्याच्या वेलावर येणाऱ्या लेप्टोग्लॉससच्या नडगीवर असतो. क्लॅव्हिग्रॅलाच्या पायाला पान नाही, मांडीला गोळा आहे. कूळ एकच, खूण वेगळी.

जातींचा पसारा जाणून घेण्यासारखा आहे. क्लॅव्हिग्रॅला गिबोसा भारत आणि श्रीलंकेपुरती. क्लॅव्हिग्रॅला स्कुटेलॅरिस केनियापासून येमेन, ओमान, पाकिस्तानमार्गे भारतापर्यंत. सहारा वाळवंटाखालच्या आफ्रिकेत क्लॅव्हिग्रॅला टोमेंटोसिकॉलिस चवळी आणि तुरीवर मोठे नुकसान करते. जुन्या लिखाणात तिचे नाव अकँथोमिया असे येते, त्यामुळे ती निराळीच कीड वाटते. आपल्याकडे तुरीवर गिबोसा आणि स्कुटेलॅरिस दोन्ही सापडू शकतात. फवारणीच्या दृष्टीने दोघींचा उपाय एकच. पण नोंद करायची असेल तर नुसत्या डोळ्यांनी जात ठरवू नये. खांद्याच्या काट्यांची ठेवण, ढालीचा आकार आणि नराचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागते. शेतातल्या वहीत ‘क्लॅव्हिग्रॅला, जात निश्चित नाही’ असे लिहिणे हीच बरोबर नोंद.

नमुना पाठवायचा तर प्रौढ रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून मारावेत, टाचणी पाठीवरच्या त्रिकोणी ढालीच्या मध्यरेषेच्या किंचित उजवीकडून घालावी. पिले सुकली की आक्रसतात, ती ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावीत. चिठ्ठीवर गाव, तालुका, तारीख, झाड आणि गोळा करणाऱ्याचे नाव हवेच. झाडाचे नाव लिहायचे बहुतेक जण विसरतात, आणि ढेकणांच्या अभ्यासात नेमके तेच सर्वात उपयोगी. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे आणि शिवाजीनगरला कृषी महाविद्यालय. पुण्यातल्या माणसाला ओळख पटवण्यासाठी लांब जावे लागत नाही.

कापडावरची इतर मंडळी

त्याच कापडावर आणखी तीन प्रकारचे ढेकूण पडले. त्यांना क्लॅव्हिग्रॅला समजून मोजले तर आकडा फुगतो.

हिरवा ढेकूण ढालीच्या आकाराचा, रुंद, तो लगेच ओळखू येतो. रिप्टॉर्टस सडपातळ, डोके रुंद, आणि त्याची पिले हुबेहूब मुंगळ्यासारखी दिसतात. मिशीचे टोक आणि पोटाखालची सोंड बघितली तरच ती ढेकणाची पिले हे पटते. तोही शेंगेतला दाणा चोखतो, म्हणून त्याची वेगळी रेघ मारावी. तिसरा मात्र मित्र, शिकारी ढेकूण. त्याची सोंड आखूड, तीन खंडांची आणि आकड्यासारखी वाकलेली असते. क्लॅव्हिग्रॅलाची सोंड चार खंडांची, सरळ, पोटाखाली चिकटून ठेवलेली. भिंगातून एकदा हा फरक बघितला की पुन्हा चूक होत नाही.

आकडे कुठे जमले

पिशव्यांप्रमाणे कापडावरची मोजणीही पाच जागांची वेगळी ठेवल्याचा फायदा इथे झाला. पूर्वेच्या बांधालगतच्या दोन जागांवर झाडामागे सरासरी ९ क्लॅव्हिग्रॅला, प्रौढ आणि पिले मिळून. मध्यावर २. पश्चिमेच्या दोन कोपऱ्यांत १ ते २. पूर्वेच्या बांधावर वालाचे वेल होते आणि बांधापलीकडे शेजारच्यांची विपुला वाणाची तूर. ती जूनमध्ये पेरलेली, लवकर तयार होणारी, नोव्हेंबरच्या शेवटी कापून गेलेली.

प्रकरणाचे मूळ इथे आहे. क्लॅव्हिग्रॅलाची अंडी साधारण आठवड्यात फुटतात, पिले पाच वेळा कात टाकून सुमारे तीन आठवड्यांत प्रौढ होतात. म्हणजे चार-पाच आठवड्यांत एक पिढी, थंडीत थोडी जास्त. प्रौढ बरेच दिवस जगतात. एकट्या विपुलावर त्यांना फार तर दोन पिढ्यांचा वेळ मिळाला असता. पण विपुला कापली तेव्हा बांधावर वाल शेंगांत होता आणि पलीकडे बीएसएमआर ७३६ दाणे भरत होती. पंख असलेले सगळे एका दिवसात बांध ओलांडून आले. लवकरचा आणि उशिराचा वाण शेजारी शेजारी असेल तर उशिराच्या वाणाला दोघांचे ढेकूण झेलावे लागतात, मग त्याच्या मालकाने कितीही निगा राखलेली असो.

फवारणीआधी अंड्यांची चौकशी

ही पायरी कुणीच करत नाही, आणि आमच्या मते ती सर्वात मोलाची आहे. शेंगांवर आणि पानांवर अंड्यांचे छोटे पुंजके सापडतात. असे दहा पुंजके शेंगेच्या तुकड्यासकट तोडून वेगवेगळ्या काचेच्या छोट्या बाटल्यांत ठेवले, तोंडाला मलमलचा तुकडा रबराने बांधला आणि बाटल्या घरात सावलीत ठेवल्या. बूच लावायचे नाही. बूच लावले की आत बाष्प धरते, बुरशी येते आणि सगळे वाया जाते.

आठवड्यात सहा बाटल्यांतून लालसर तपकिरी पिले बाहेर आली. चार बाटल्यांतली अंडी काळपट पडली आणि काही दिवसांनी त्यांतून मिलिमीटरभर लांबीच्या काळ्या गांधीलमाश्या निघाल्या. हा ग्रायॉन, ढेकणाच्या अंड्यात आपले अंडे घालणारा परोपजीवी. बाटलीच्या काचेवर चालताना तो धुळीच्या कणासारखा दिसतो, हलला तरच जिवंत आहे हे कळते. दहापैकी चार पुंजक्यांवर ग्रायॉनने काम केले असेल तर त्या शेतात पायरेथ्रॉइड मारणे म्हणजे फुकट राबणाऱ्या मजुरालाच हाकलून देणे.

बाटल्यांच्या निकालासाठी उपाय थांबवून ठेवायचा नाही. हाताने वेचणे त्याच दिवशी सुरू करता येते.

उपाय, प्रमाणासकट

या प्लॉटमध्ये दोन अडचणी होत्या. एक, ओल्या शेंगा भोगीपर्यंत, म्हणजे १३ जानेवारीपर्यंत, तोडून विकायच्या होत्या. भोगीच्या भाजीत त्या सोलून थेट पातेल्यात जातात. तोडणी दर चार-पाच दिवसांनी असताना रासायनिक औषधाच्या लेबलवरचा काढणीपूर्व कालावधी, म्हणजे फवारणीनंतर तोडणीपर्यंत थांबायचे दिवस, पाळणे शक्यच नव्हते. दोन, किडीचा जोर एकाच बाजूला होता. म्हणून पूर्वेकडचा १० गुंठ्यांचा पट्टा वेगळा धरला.

तीन सकाळी सलग, आठच्या आत, दोन माणसांनी फांद्या झटकून ढेकूण घमेल्यात पाडले. घमेल्यात दोन लिटर पाणी आणि मूठभर कपड्याच्या साबणाचा चुरा. साबण नसेल तर ढेकूण पाण्यावर तरंगतात आणि कडेवरून चढून निघून जातात. प्रौढांवर याइतका खात्रीचा स्वस्त उपाय नाही. मात्र एकराच्या वर तो मजुरीत परवडत नाही.

पिलांसाठी ५ टक्के निंबोळी अर्क. एकरी २०० लिटर पाणी धरले तर १० गुंठ्यांना ५० लिटर, त्यासाठी वाळलेल्या निंबोळ्या अडीच किलो. निंबोळ्या भरड कुटून पाच लिटर पाण्यात रात्रभर भिजवल्या, सकाळी फडक्यातून दोनदा गाळून पिळल्या, वेगळ्या पाण्यात विरघळवलेला १०० ग्रॅम साबण मिसळून ५० लिटर केले. त्याच संध्याकाळी फवारले. बनवलेला अर्क दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये आणि भर उन्हात मारू नये, दोन्हींत त्याचा जोर जातो. निंबोळीने ढेकूण पटापट मरून पडत नाहीत. पिलांचे खाणे मंदावते आणि कात टाकणे बिघडते. दुसऱ्या दिवशी जिवंत पिले बघून ‘काही उपयोग नाही’ म्हणणारे हे लक्षात घेत नाहीत.

खरी चूक पाण्याच्या प्रमाणात होते. १५ लिटरचा पंप धरला तर एकराला तेरा-चौदा पंप लागतात. आधीच्या दोन्ही फवारण्या सहा-सहा पंपांत उरकलेल्या होत्या. तूर पाच-सहा फूट उंच, आणि नोझल कमरेच्या उंचीवर धरून वरवर मारले की बाहेरची पाने भिजतात, शेंगांचे घोस कोरडे राहतात. ढेकूण घोसातच असतात. नोझल खालून वर, घोसाच्या आत न्यावे लागते.

जिथे ओल्या शेंगा विकायच्या नाहीत आणि कीड सगळ्या शेतात पसरली आहे, तिथे रासायनिक औषध घ्यावे लागेल. घेताना डब्याच्या लेबलवर पीक तूर आणि कीड शेंगेवरील ढेकूण ही दोन्ही नावे छापलेली आहेत का ते वाचावे. दोन्हींपैकी एक नसेल तर डबा परत करावा. दुकानदाराची तोंडी खात्री इथे चालत नाही.

एकाच औषधाची पुन्हा पुन्हा फवारणी का टाळायची, याचे एक कारण अगदी वेगळ्याच दिशेने आलेले आहे. रिप्टॉर्टसच्या आतड्यात बर्कहोल्डेरिया गटातले जिवाणू राहतात आणि प्रत्येक पिढीतले पिलू ते मातीतून नव्याने मिळवते. फेनिट्रोथिऑन वारंवार पडलेल्या मातीत ते कीटकनाशक पचवणारे जिवाणू वाढतात, आणि तेच ढेकणाच्या पोटात गेले तर ढेकूणही ते औषध सोसू लागतो, हे जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले. हे क्लॅव्हिग्रॅलावरचे निष्कर्ष नाहीत. पण रिप्टॉर्टस त्याच्याच जवळच्या कुळातला आहे आणि तुरीवर दोघे शेजारी बसतात, म्हणून दुर्लक्ष करण्यासारखी ही गोष्ट नाही.

पाच दिवसांनंतर

पूर्वेच्या पट्ट्यात झाडामागे ९ वरून ३. मध्यावर बदल नाही. दुसरी फवारणी केली नाही, वेचणी आणखी दोन सकाळी केली. चोखलेले दाणे काही भरून येणार नव्हते, ते नुकसान झालेच. नंतर धरलेल्या शेंगा पुन्हा उघडून मोजल्या तेव्हा ढेकणाचे दाणे कमी निघाले, आणि मार्केट यार्डात पाठवायच्या शेंगा पश्चिमेकडच्या ओळींतूनच तोडायच्या असे ठरले.

बियाण्यासाठी मात्र पूर्वेच्या पट्ट्यातले दाणे ठेवायचे नाहीत. चोखलेला दाणा उगवत नाही. मळणीनंतर चाळणीने सुरकुतलेले वेगळे होतात, पण थोडासाच चोखलेला, आकाराने टपोरा आणि एका बाजूला डाग असलेला दाणा चाळणीतून सुटतो. म्हणून पश्चिमेच्या बियाण्याचेही १०० दाणे ओल्या गोणपाटात ओळीने गुंडाळून ठेवायचे, गोणपाट सुकू द्यायचे नाही, आणि सहाव्या दिवशी मोजायचे. तुरीच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७५ टक्के उगवण लागते. त्याहून कमी आले तर ते पोते डाळीला.

बांधावरचा वाल भोगीच्या शेवटच्या तोडणीनंतर लगेच मुळासकट उपटला आणि वेल सकाळच्या दवातच गोणीत भरून बांधावरून हलवले. दुपारपर्यंत बांधावर पडू दिले असते तर त्यावरचे प्रौढ उडून परसातल्या चवळीवर गेले असते.